चेनचं लॉक कोण फिरवतंय

तळेगावातल्या एका कंपनीच्या गेटवर बायकांच्या बॅगा तपासायची माझी नोकरी आहे. डब्याचं झाकण काढायचं, पोळ्यांखाली काही दडवलंय का बघायचं, पर्सचा आतला कप्पा उलटा करायचा. सुरुवातीला मला लाज वाटायची. आता एखादी बाई जरा जास्त गोड हसली की मी तिची बॅग पुन्हा एकदा बघते. सुपरवायझर म्हणतात, तुमची नजर चांगली आहे. घरचे म्हणतात, तुझी नजर वाईट आहे. बहुधा दोघंही एकाच गोष्टीबद्दल बोलत असावेत.

ही नजर मला आबांकडून आली. आबा म्हणजे माझे वडील. ते रेल्वेत चाबीवाले होते. पूर्वी रूळ स्लीपरवर धरून ठेवायला लोखंडी पाचरा ठोकलेल्या असत आणि गाड्यांच्या हादऱ्यांनी त्या ढिल्या होत. रोज उजाडताना हातोडी खांद्यावर टाकायची, लोणावळ्याच्या अलीकडचा आपला पट्टा पायी चालायचा, एकेक पाचर बघायची आणि ढिली असेल ती ठोकून बसवायची, यात त्यांचा जन्म गेला. पुढे सिमेंटचे स्लीपर आले, पाचरा गेल्या, आबा निवृत्त झाले. पण कुठलीही बसवलेली वस्तू नीट बसलेली नाही असंच धरून चालायचं, हा त्यांचा कायदा त्यांच्यासोबत घरी आला. दाराची कडी, कॉटचे बोल्ट, नळाची तोटी, काहीही असो, आबा ते एकदा ठोकून बघणारच. थोडक्यात, आमच्या घरात संशय घेण्यावर पगार मिळवलेली माणसं दोन, आणि त्यातल्या एकाला त्यावर पेन्शनही आहे.

नवऱ्याशी पटलं नाही म्हणून मी माहेरी परत आले. बेगडेवाडी स्टेशनच्या मागे भातखाचरं आहेत, त्यांच्या पलीकडे आमचं घर. घरात आबा, माझा धाकटा भाऊ आणि भावजय. भाऊ टेम्पो चालवतो. तो अंधारात जातो आणि आला की जेवून आडवा होतो, त्यामुळे घर खरं तर भावजयीचंच. परत आलेल्या नणंदेची जागा घरात किती पक्की असते ते मला कुणी शिकवायला नको होतं. भावजय कधी वावगं बोलली नाही. कधी ताट आपटलं नाही, की पाहुण्यांसमोर माझा विषय टाळला नाही. मला त्याचाच जास्त संशय यायचा. इतकं सांभाळून कोण कशाला घेईल? मला वाटायचं, हिला मी या घरातून जायला हवी आहे, फक्त ते तिच्या तोंडून न निघता माझ्या तोंडून निघायला हवं आहे.

मी सकाळी सायकलवर बसून बांधाबांधानं स्टेशन गाठते. तिथे चिंचेखाली सायकल लावायची, लोकलनं तळेगावला उतरायचं आणि बाहेर उभी असलेली कंपनीची बस पकडायची. लोकल चुकली की बस चुकते, आणि बस चुकली की माझ्या जागी दुसरी बाई उभी राहते. अशा बायका पुष्कळ आहेत. म्हणून त्या वर्षी पावसाळ्यात सायकलची चेन दातांवरून घसरायला लागली, तेव्हा माझा जीव टांगणीला लागला.

सरळ मार्ग म्हणजे सायकलच्या दुकानात टाकून यायची. पण तो मार्ग मला बंद होता. आधी एकदा ब्रेकसाठी सायकल तिथे ठेवली होती, आणि परत आणली तेव्हा मला सीट बदलल्यासारखी वाटली. भाऊ म्हणाला, तीच आहे. भावजय म्हणाली, तीच आहे. आबांनी सीट ठोकून बघितली आणि काहीच बोलले नाहीत. मी अजून मानलेलं नाही. नवी चेन त्याच माणसाच्या हातात देऊन निघून यायचं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगण्यासारखं होतं. चेन मी तळेगावातून विकत आणली आणि घरीच बसवायची ठरवली.

मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. त्यातल्या माणसाच्या बोटांना शेवटपर्यंत काळं लागलं नाही, त्यामुळे त्याच्यावरही माझा पुरता विश्वास बसला नाही. पण त्याच्याकडची हत्यारं पाहून ठेवली. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, चाकाचे नट सोडवायला पाना, आणि चेनची पिन बाहेर ढकलायचं एक लहानसं लोखंडी यंत्र, ज्याचा स्क्रू फिरवला की पिन पलीकडून निघते. ते यंत्रही आणलं. सुट्टीच्या दिवशी अंगणात पोतं अंथरलं आणि सायकल उलटी केली.

जुन्या चेनचं लॉक काढलं की चेन हातात येते. ती पोत्यावर सरळ ताणून ठेवायची आणि नवी तिच्या शेजारी. इथे माणूस फसतो. त्याला वाटतं, लांबी जुळवली की झालं. पण जुनी चेन झिजून लांबलेली असते. तिच्या लांबीनं नवी तोडली तर ती सैल पडते. लांबी नाही, कडीला कडी जुळवायची आणि शेवटी जादा उरलेल्या कड्या तोडायच्या. जुन्याला बघून नव्याचं माप ठरवायचं नाही, हे मला एका लग्नानं शिकवलं होतं, त्यामुळे मी तिथे फसले नाही.

यंत्र लावून स्क्रू पिळायला घेतला तर आबा कॉटवरून उठून आले. स्क्रूनं पिन निघते यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी एक मोठा नट आणला, चेनची कडी त्याच्या भोकावर ठेवली, पिनेवर खिळा धरला आणि हातोडीचा एकच ठोका घातला. पिन नटातून खाली पडली. मला यंत्राचे पैसे वाया गेल्यासारखे वाटले, पण मी तसं म्हटलं नाही. उलटी सायकल सरळ करून चेन दातांवर चढवली, दोन्ही टोकं एकमेकांपासून पळत होती म्हणून तारेचा आकडा करून त्यात अडकवली, आणि मग लॉक घेतलं.

ज्याला आम्ही लॉक म्हणतो ती दोन पिनांची एक कडी असते. ती मागून दोन्ही टोकांत घालायची, वरून पट्टी बसवायची, आणि पट्टीवर एक छोटी क्लिप सरकवायची. क्लिपची एक बाजू गोल, बंद. दुसरी बाजू उघड्या तोंडाची. सगळी मेख त्या तोंडात आहे. चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला बंद बाजू हवी आणि तोंड मागे. तोंड पुढे राहिलं तर गवताची काडी किंवा पदराचा दोरा त्यात अडकतो, क्लिप उडते, पट्टी निघते, आणि चालत्या सायकलची चेन रस्त्यावर पडते. आणि हे वरच्या बाजूला बघायचं, कारण खालच्या बाजूला चेन उलटी, मागे धावते. मी पॅडल फिरवून लॉक वर आणलं, बंद बाजू पुढच्या चाकाकडे केली आणि पकडीनं दाबलं. टक आवाज आला. मग मागचं चाक ओढून चेन ताणली आणि नट आवळले.

भावजय चहा घेऊन आली होती. ती वाकून बघत म्हणाली, लॉक बरोबर बसवलं वन्सं. मी चहा घेतला आणि मनात म्हटलं, हिला कसं कळलं? मग आठवलं. हिच्या वडिलांचं कार्ल्याला हायवेच्या कडेला पंक्चरचं दुकान होतं. ही चाकांत आणि चेनींत वाढलेली. म्हणजे लॉक बसवता येणारी घरात मी एकटी नव्हते. बसवता येणाऱ्याला काढताही येतं. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, पण असल्या गोष्टी मी टाकून देत नाही.

आबांनीही लॉक बघितलं. बराच वेळ बघितलं आणि नुसतं "हं" म्हणाले.

बरेच दिवस सायकल छान चालली. आबा रोज सकाळी कॉटवर बसून राहायचे आणि मी निघाले की हात वर करायचे. गाडीला झेंडी दाखवल्यासारखा हात सरळ वर, आणि तोंडानं, "जा, लाईन क्लियर हाय." मला ते बरं वाटायचं नाही. शेजारणी बघायच्या. मी मान हलवून निघून जायचे.

भावजय भातकापणीला कार्ल्याला माहेरी गेली आणि दुसऱ्याच दिवशी बांधावर माझी चेन सटकली. घसरली नाही, सुटून खालीच पडली. लॉकची पट्टी गवतात सापडली, क्लिप काही मिळाली नाही. मी चेन पिशवीत घालून सायकल ढकलत स्टेशन गाठलं, लोकल जेमतेम मिळाली. दिवसभर मी बायकांचे डबे उघडत होते आणि डोक्यात एकच, हे कुणी केलं. पहिला संशय चेन विकणाऱ्यावर. मग चिंचेखाली पत्ते कुटत बसणाऱ्या माणसांवर. मी नवं लॉक आणून बसवलं, त्याच रात्री भावजय परत आली, आणि पुढचे काही दिवस संध्याकाळी आल्या आल्या पहिल्यांदा लॉक बघायचे आणि मग पत्तेवाल्यांकडे. त्यातला एक दोनदा माझ्याकडे बघून हसला. मी त्याचा चेहरा लक्षात ठेवला.

भावजय परत आल्यापासून सगळं सुरळीत चाललं. मग तिची आई आजारी पडली म्हणून ती पुन्हा गेली, आणि पुन्हा चेन पडली. या वेळी मी जोरात होते. पॅडल एकदम रिकामं फिरलं, माझा पाय खाली गेला आणि मी सायकलसकट खाचरात पडले. कापणी झालेली होती, पण चिखल होता. युनिफॉर्म कोपरापासून गुडघ्यापर्यंत भरला. लोकल गेली, बस गेली. त्या दिवशी माझ्या जागी उभी राहिलेली बाई दुसऱ्या दिवशीही आली होती, कारण तिला कुणी येऊ नको म्हणून सांगितलंच नव्हतं. ती माझ्या खुर्चीवरून उठली तेव्हा मला दिसलं, की माझी जागा कंपनीत किती रुंदीची आहे.

संध्याकाळी ओट्यावर बसून कोपराला हळद लावताना माझ्या ध्यानात आलं. दोन्ही वेळा भावजय घरात नव्हती. साधा माणूस म्हणाला असता, मग ती सुटली. पण गेटवर काम केलेल्या बाईला ठाऊक असतं, की चोरी उघडी पडायची असते त्या दिवशी चोरी करणारी रजा टाकते. जाताना लॉक ढिलं करून जायचं आणि आपण कार्ल्याला आईच्या उशाशी बसायचं. कोण बोट दाखवणार? आणि मग मागच्या कितीतरी सकाळी डोळ्यांसमोर आल्या. भाकरी थापताना तिच्या नखांत काळं दिसायचं. चुलीचं असेल असं मी धरलं होतं. पण आमच्याकडे गॅस आहे.

राग होता, पण त्याच्या खाली भीती होती. जिथून मला कुणी जा म्हणू शकत नाही अशी एकच जागा मला उरली होती, ती म्हणजे हे घर. तिथे एक बाई मला तोंडानं जा म्हणत नव्हती आणि चेन सोडवून म्हणत होती.

भावाला सांगून उपयोग नव्हता. मी पुरावा करायचा ठरवला. कंपनीत नट आवळला की त्यावर रंगाची रेघ मारतात. नट हलला की रेघ तुटते. भावजय परत येईपर्यंत मी स्टेशनला पायीच गेले. ती आल्यावर नवं लॉक बसवलं, तिच्याच फडताळातली लाल नेलपॉलिश घेतली आणि लॉकच्या क्लिपवरून पट्टीपर्यंत एक बारीक रेघ ओढली. सकाळी निघताना बघितलं तर रेघ तुटलेली. क्लिप काढली होती, हे नक्की. पण ती परत बसवली होती, आणि बसवली होती अगदी बरोबर, बंद बाजू पुढे.

हे माझ्या अकलेच्या बाहेरचं होतं. मी पुन्हा रेघ ओढली, पुन्हा तुटली, आणि पुन्हा क्लिप बरोबर. काढते कशाला आणि लावते कशाला? हात बसवत असेल. मला धाकात ठेवत असेल. किंवा मी बघतेय हे तिला कळलं असेल आणि आता ती मला वेडी ठरवणार असेल. संशयाला काय, खायला काहीही चालतं.

मी तळेगावात खोली बघितली. कंपनीतल्या एका बाईच्या चाळीत, एका खिडकीची. भावाच्या कानावर घातलं की पुढच्या महिन्यापासून मी तिकडे राहीन, जायला यायला सोपं पडेल. तो नुसता हूं म्हणाला आणि मला त्या हूंचाही संशय आला.

सुट्टीच्या दिवशी मी लवकर उठले, पण अंथरुणातून बाहेर आलेलं कुणाला कळू दिलं नाही. स्वयंपाकघराची खिडकी अंगणाकडे उघडते. नुकतं झुंजुमुंजू झालं होतं. सायकल तुळशीशेजारी उभी होती. मी भावजयीची वाट बघत उभी राहिले.

आले ते आबा. अंगात स्वेटर, डोक्याला टॉवेल, हातात हातोडी आणि स्क्रू ड्रायव्हर. ते पायरीवर टेकत टेकत खाली उतरले, सायकलजवळ पाट टाकून बसले आणि पॅडल हळूहळू फिरवून लॉक वर आणलं. बोटानं चाचपलं. मान हलवली, जशी ते नळाच्या तोटीकडे बघून हलवतात. मग स्क्रू ड्रायव्हरनं क्लिप सरकवून काढली, फिरवली, आणि उघडं तोंड पुढच्या चाकाकडे करून बसवली. हातोडीनं हलकेच ठोकली, कान जवळ नेला, पुन्हा ठोकली. मग उठून हातोडी कॉटखाली ठेवली आणि किटली घेऊन दूध आणायला गेले.

मला काही कळायच्या आत घरामागून भावजय आली. तिनं फाटकाकडे बघितलं, कमरेचा स्क्रू ड्रायव्हर काढला, वाकली, आणि आबांनी फिरवलेली क्लिप परत फिरवली. बंद बाजू पुढे. बोटं पदराच्या आतल्या बाजूला पुसली. वळली तर खिडकीत मी.

ती घाबरली नाही. दमल्यासारखी दिसली. मी बाहेर गेले आणि आम्ही दोघी धुण्याच्या दगडावर बसलो.

तिनं सांगितलं ते असं. चेन बसवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून हे चालू होतं. आबांना माझं लॉक उलटं वाटलं होतं. रेल्वेत पाचर गाडी जाते त्या दिशेला ठोकायची, निमुळतं टोक पुढे, डोकं मागे. मग गाडीच्या ओढीनं ती आणखी घट्ट बसत जाते. आबांच्या लेखी क्लिपचं उघडं तोंड म्हणजे टोक आणि गोल बाजू म्हणजे डोकं. आयुष्यभर ज्या नियमानं त्यांनी गाड्या सांभाळल्या, त्याच नियमानं ते रोज सकाळी माझी चेन सुटायची सोय करत होते. आणि ही रोज त्यांच्या मागून जाऊन ती नीट करत होती. कार्ल्याला गेली तेव्हा नीट करायला घरात कुणी नव्हतं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, "तुमी काय केलं असतं? हातोडी काडून घेतली असती." मी तेच केलं असतं. ती म्हणाली, मागे आबांनी गॅसचं बटण आवळून आवळून तोडलं होतं. तेव्हा भावानं त्यांना आवाज चढवून सांगितलं, की आता तुमी कशाला हात लावू नका. त्यानंतर आबा कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. अंघोळीला उठायचं म्हणजे दोघांनी हाताला धरायचं, अशी पाळी आली. मी तेव्हा सासरी होते. मी आल्यावर ते जरा हिंडाफिरायला लागले, पण आपणहून पहाटे उठायला लागले ते चेन आली तेव्हापासून. माहेरी जाताना तिनं भावाला लॉक बघायला सांगितलं होतं. तो अंधारात निघताना बघून जायचा. पण आबा उठायचे त्याच्या नंतर.

"तुमी पडला तवा मला लय वाईट वाटलं," ती म्हणाली. "सांगनार होते. पन मग तुमी माज्याकडं असं बगाय लागला, की माझी जीभच उचलंना."

मला तिच्या नखांकडे बघवेना. किती सकाळी मी त्या काळ्यावर नजर ठेवून भाकरी खाल्ली होती. मी तिला सांगितलं की मला तिचा संशय होता. शब्द फार नाही वापरले. ती म्हणाली, ठाऊक होतं, नेलपॉलिशची बाटली उलटी ठेवली होती तुमी.

फाटकापलीकडे आबांची किटली वाजली. मग तिनं खाली बघत विचारलं, "तुमी खोली घेतली म्हनं तळेगावात."

मी म्हटलं, बघितलीय.

"जा की. जायला कोन न्हाई म्हनंल. पन तुमी गेलात तर आबा सकाळी उठतील कशाला, तेवढं सांगून जा."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. इतके दिवस मी धरून चालले होते की या घरात माझी जागा म्हणजे हिनं सोडलेली उरलीसुरली जागा. आबा फाटकातून आले, आम्हाला दगडावर बघून म्हणाले, धुणं कुटं हाय? आम्ही दोघी उठलो. दुसऱ्या दिवशी मी खोलीला नाही म्हणून कळवलं.

त्यानंतर आमची तिघांची रीत पडली, आणि तिघांपैकी दोघींनाच ती ठाऊक होती. आबा लॉक फिरवतात, दुधाला जातात, भावजय ते सरळ करते, मी निघते, आबा हात वर करतात. ती माहेरी गेली की स्क्रू ड्रायव्हर माझ्या उशाशी ठेवून जाते. चेन पुन्हा कधी पडली नाही. मी मनात म्हटलं, चला, संशयाचं एक तरी खातं बंद झालं.

पण मी आबांना विसरले होते. ते माझे वडील आहेत, उगाच नाही.

मागच्या थंडीत एक दिवस भावजय विहिरीवर गेली असताना त्यांनी मला खुणेनं कॉटजवळ बोलावलं. दाराकडे बघून खात्री केली आणि आवाज खाली घेतला.

"तुला एक सांगायचं हाय. तुज्या सायकलीचं लॉक कुनीतरी रोज उलटं करतंय."

मी कॉटच्या कडेला टेकले.

"मी रोज सकाळी सुलटं बसवतो, दुसऱ्या दिशी बगावं तर उलटं. एक दिस न्हाई, रोज. म्हनून मी थंडीवाऱ्यात उठतो. एक सकाळ चुकली तर तू पडशील." त्यांनी पुन्हा दाराकडे बघितलं. "भाईरचं कोन न्हाई येत. घरातलंच हाय. तुला हितं ऱ्हाऊ द्यायचं न्हाई कुनाला तरी. मी नाव न्हाई घेत. पन एक दिस मी दूध राहू देतो आन् आडोशाला बसतो. धरतोच."

जो संशय मी एकेकाळी पोसला होता, तो माझ्या बापानं माझ्यासाठीच, माझ्या काळजीनं, तितक्याच चोखपणे पोसला होता. पुरावाही माझ्यापेक्षा पक्का होता. आडोशाला बसले असते तर त्यांना भावजय दिसलीच असती, हातात स्क्रू ड्रायव्हर घेतलेली. खरं सांगितलं तर आबा पुन्हा भिंतीकडे तोंड करणार. गप्प बसलं तर तिची या घरातली जागा जाणार, ज्या घरात ती पंधरा वर्षं राबली तिथेच तिला सासरा चोर म्हणणार. विहिरीवरून हंडा उचलल्याचा आवाज आला.

मी म्हटलं, "आबा, मीच करते ते."

"तू?"

"संध्याकाळी चेन पुसायला लॉक काडते. परत लावताना उलटं बसतं माज्याकडून. मला न्हाई ध्यानात ऱ्हात कुटली बाजू फुडं."

ते माझ्याकडे बघत राहिले. गेटवर मी बायकांकडे बघते तसं. मी नजर खाली घेतली नाही. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सुटत गेला, आणि त्यांना हसू आलं.

"तरी म्हनलं," ते म्हणाले. "मग तू हात लावत जाऊ नगंस बाई. तुला त्यातलं कळत न्हाई. मी हाय ना."

भावजय हंडा घेऊन आत आली. आबांनी तिच्याकडे वळून, कितीतरी दिवसांनी, पोरी जरा चहा टाक म्हणून सांगितलं. ती माझ्याकडे बघायला लागली. मी सायकल काढली. फाटकातून बाहेर पडताना मागे वळले, तर आबांचा हात वर होता. शेजारीण तिच्या दारात उभी होती. मी माझाही हात वर केला.